डोसाचा ताप आणि स्वॅबची भीती

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे आशा कार्यकर्त्या नाहीत. त्यामुळे कुठल्या घरात केवढं मूल आहे आणि त्याचा लशीचा कुठला डोस राहिलाय, हे लस टोचणारी सिस्टर आम्हालाच विचारते. एरवी हे काम बोलता बोलता होऊन जायचं. आई मुलाला सोडायला आली की सांगायचं, ‘बुधवारी डोस आहे गो, कार्ड विसरू नको.’ मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली, अंगणवाडीला कुलूप पडलं आणि ते बोलणंच तुटलं.

सुरुवातीचे काही आठवडे गावातलं लसीकरणाचं सत्रही बंद होतं. हॉस्पिटलात जन्मलेल्या बाळांचं अडलं नाही. बीसीजी, पोलिओचा पहिला थेंब आणि चोवीस तासांच्या आत द्यायची हेपाटायटिस बी, हे सगळं तिथेच मिळत होतं. अडलं ते त्यानंतरचं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाचे (जुलाबावरच्या लशीचे) डोस, नवव्या महिन्याचं एमआर (गोवर-रुबेला), दीड वर्षाचा बूस्टर. सत्र परत सुरू झालं, वेळा वाटून दिल्या, अंतर ठेवून खुर्च्या मांडल्या. खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

मीटिंगांमध्ये याला एकच कारण सांगितलं जायचं, अफवा. माझं मन काही त्याला घेईना. फेब्रुवारी २०१७ मध्ये एमआरची मोठी मोहीम झाली होती, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांसाठी. पहिल्या टप्प्यात गोवाही होता. तेव्हाही मोबाइलवर काहीबाही फिरलं होतं, तरी आमच्या शाळेतली पोरं रांगेत उभी राहून टोचून घेऊन गेलीच की. त्याच घरातली माणसं आता एकदम लशीला का भ्यायला लागली?

उत्तर मिळालं ते पोषण आहाराची पाकिटं वाटताना. अंगणवाडी बंद असली तरी पाकिटं घरपोच द्यायची होती, म्हणून महिन्याला प्रत्येक दारात जाणं व्हायचंच. एका वैनीने पाकीट घेतलं, मास्क नाकावर चढवला आणि हळूच म्हणाली, ‘बाय, डोस घेतलो काय भुरग्याक जोर येता. जोर आयलो काय स्वॅब. मागीर आमचें घर बंद, घोवाचें काम बंद.’ लशीबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. मोठ्या मुलाचे सगळे डोस तिने वेळेवर दिले होते, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. तिला धास्ती होती ती ‘जोरा’ची, म्हणजे तापाची, आणि त्यापाठोपाठ होणाऱ्या कोरोनाच्या स्वॅब तपासणीची. पेंटा दिल्यावर पुष्कळ बाळांना ताप येतो, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. २०२० साली घरात कोणाला ताप आला की शेजारी दार लावून घेत. आमच्या वाड्यावर तर वर्षानुवर्षं रोज ताक मागायला येणारी बाई कुंपणापलीकडून बोलू लागली होती.

मग मी प्रत्येक घरी हाच प्रश्न विचारू लागले आणि बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच उत्तर मिळालं. सिस्टरला सांगितलं, तिने डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यातून जे ठरलं ते साधं होतं. डोसानंतर एक-दोन दिवस नुसता ताप असेल, खोकला नाही, धाप नाही, घरात दुसरं कोणी आजारी नाही, तर आधी सिस्टरला फोन करायचा. पॅरासिटामॉलचं औषध किती द्यायचं ते बाळाच्या वजनाप्रमाणे तिथेच कार्डावर लिहून मिळायचं. डोसाची तारीख कार्डावर असतेच, कोणी विचारलं तर ती दाखवायची. ‘लस घ्या, सुरक्षित राहा’ असं लिहिलेला बॅनर पंचायतीबाहेर लागला होता. त्यावर लशीपेक्षा फोटोच मोठे होते. त्या बॅनरने एक तरी बाई आणली असेल, असं मला वाटत नाही. सिस्टरच्या फोन नंबराने आणल्या.

दुसरी शंका ठरलेली असायची: ‘उशीर झालाय, आता पहिल्यापासून सगळं परत टोचणार?’ नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. दोन डोस झाले असतील तर तिसरा द्यायचा, आधीचे फुकट जात नाहीत. हे ऐकून आयांचे चेहरे असे सुटायचे की मी ते वाक्य दारात शिरल्याशिरल्याच म्हणायला लागले.

एमआरचं गणित मात्र वेगळं. त्याची पूड असते. सिस्टर ती पातळ करते आणि व्हायलवर, म्हणजे लशीच्या बाटलीवर, पेनाने वेळ लिहिते. तिथून चार तास. उरलं ते टाकून द्यायचं. बीसीजीचंही तसंच. पेंटाची उघडलेली व्हायल थंड राहिली तर अठ्ठावीस दिवस चालते, हिला ती सवलत नाही. एका मुलासाठीसुद्धा सिस्टर व्हायल उघडायची, पण दर वेळी जीव हळहळायचा. म्हणून नऊ ते बारा महिन्यांची सगळी बाळं मी एकाच सकाळी बोलावू लागले. सिस्टर डब्यातून व्हायल काढून आयांना तिच्यावरचा, उष्णता लागली की गडद होणारा छोटा चौकोन दाखवायची. भोवतीच्या वर्तुळापेक्षा आतला चौकोन फिका असला की लस चांगली, दोन्ही सारखे गडद झाले की बाद. एका आजीने चष्मा लावून तो चौकोन दोनदा बघितला, मगच नातवाची मांडी पुढे केली.

मोठ्यांची कोरोनाची लस आली ती १६ जानेवारी २०२१ पासून. आम्हा सेविकांना सुरुवातीलाच मिळाली. मला रात्री सणकून ताप भरला, सकाळी उतरला. लपवायचं कशाला? ज्या बायकांना मी मुलांच्या तापाबद्दल सांगत फिरत होते, त्यांना आता स्वतःचा सांगितला. एप्रिलमध्ये टीका उत्सव, म्हणजे लसीकरणाची मोहीम लागली, पंचेचाळीसच्या पुढच्यांसाठी. आणि आमच्याकडे एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. सकाळी बोंडू वेचायचे, मळायचे, भट्टी लावायची. त्या दिवसांत ‘अकराला हॉलात या’ म्हणून कोण येणार? ‘ताप आला तर उद्याचे बोंडू कोण गोळा करणार?’ हा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही घरातल्या माणसांना एकाच दिवशी न पाठवता पाळीपाळीने पाठवलं, दुपारी, बागेतून परतल्यावर. नवरा आज, बायको पुढच्या फेरीला.

मग दोन डोसांमधल्या अंतराचा घोळ. मला चार आठवड्यांनी सांगितलं होतं. मार्चमध्ये कोविशिल्डसाठी ते सहा ते आठ झालं, १३ मे रोजी बारा ते सोळा. लोक तोंडावर म्हणायचे, ‘लस संपली म्हणून तारखा पुढे ढकलतात.’ लांब अंतराने प्रतिकारशक्ती चांगली येते, हे मी सांगायची. पण त्याच महिन्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑक्सिजनवाचून माणसं तडफडत असल्याच्या बातम्या रोज पेपरात होत्या. कोणाचा कशावर विश्वास बसावा? त्या दिवसांत मी वाद घालायचं सोडलं आणि फक्त तारखा वहीत लिहून ठेवल्या.

१९ मे रोजी अंगावर पाजणाऱ्या आयांना लस घ्यायला परवानगी मिळाली, २ जुलैला गरोदर बायकांना. बाळाचं कार्ड आणि आईचं आधार एकाच पिशवीतून येऊ लागलं. सासवांचा विरोध होता, दुधातून बाळाला बाधेल म्हणून. तिथे डॉक्टरांपेक्षा शेजारची, आधी घेतलेली बाळंतीण जास्त उपयोगी पडली.

या सगळ्यात पाच वर्षांचा बूस्टर कोणाच्या लक्षातच राहिला नाही. तान्ह्याचे डोस सगळ्यांना आठवतात. पाच वर्षांचं मूल एरवी शाळेच्या वाटेवर सापडतं, पण शाळाच बंद होत्या. २०२२ मध्ये वर्ग भरले तेव्हा पहिलीचा हजेरीपट आणि माझं जुनं रजिस्टर शेजारी ठेवून मी आणि शिक्षिका बसलो. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) तो डोस सात वर्षांपर्यंतच देतात. एका मुलीची सात वर्षं पुरी व्हायला आठवडाही उरला नव्हता. तिच्या आजीला फोन केला, ती शेतातून तशीच आली आणि सिस्टरने त्याच दुपारी टोचलं. आजीने विचारलं, ‘आता परत केन्ना?’

‘दहा वर्षांची झाली की टीडी, धनुर्वात-घटसर्पाची,’ सिस्टर म्हणाली आणि कार्डाच्या कोपऱ्यात साल लिहून दिलं.