‘ताई, हे कशामुळे झालं?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

साताऱ्यात माझं मेडिकल आहे आणि काउंटरच्या पलीकडून हा प्रश्न सारखा येतो, कोणी हळूच विचारतं, कोणी मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘हे’ म्हणजे माझी मान मधूनच उजवीकडे झटका देते ते, डोळे घट्ट मिटले जातात ते, आणि घशातून निघणारं ‘हं, हं’. औषधं विकणारीलाच असं काहीतरी आहे म्हटल्यावर उत्सुकता जरा जास्तच असते. बरेचजण उत्तर घरूनच घेऊन आलेले असतात, टेन्शन आहे का, शीर दबलीय का, लहानपणी कशाला घाबरला होतात का. आणि आता मुलांच्या आया जास्त विचारतात, कारण घरात कोणीतरी सारखे डोळे मिचकावायला लागलेलं असतं. त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय.

याला टिक्स म्हणतात. काही हालचालीच्या, काही आवाजाच्या. हालचालीच्या एकाहून जास्त आणि आवाजाची निदान एक असेल, वर्षाच्या वर चाललं असेल आणि अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालं असेल तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. माझं तेच आहे. जिल द ला टूरेट नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८८५ मध्ये नऊ पेशंटचं वर्णन लिहिलं, त्याचं नाव पडलं. राणी मुखर्जी टीचर असते तो पिक्चर आल्यापासून निदान नाव तरी लोकांना ऐकून माहीत झालंय. हो, आणि आपोआप शिव्या तोंडातून येणं हे फार थोड्यांना असतं, शंभरात साधारण दहा-पंधरा. मला नाही. मी आजवर ज्या शिव्या दिल्यात त्या सगळ्या पूर्ण विचार करून दिल्यात.

आता कारण. माझं सुरू झालं तेव्हा मी पहिलीत होते, आधी फक्त डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, नंबर नव्हता. मग जंताचं औषध झालं, आपल्याकडे पोरांना काहीही झालं की जंत असतातच. मग घसा सुरू झाला तेव्हा खोकल्याची औषधं, अॅलर्जीची औषधं. आजीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. आणि हे सगळं करून काहीच फरक पडेना तेव्हा कोणीतरी आठवून आठवून काढलं की मी पोटात असताना आईने ग्रहणात भाजी चिरली होती. बस, कारण सापडलं. पुढे कितीतरी वर्षं कुठल्याही लग्नाकार्यात माझी मान हलली की बायका आधी माझ्याकडे बघायच्या आणि मग आईकडे. वाईट याचं वाटतं की आईलाही ते खरं वाटत होतं.

आपलीच माणसं अडाणी असं समजू नका बरं का. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकात मोठमोठे मनोविश्लेषक हेच सांगत होते, की मनात दडपलेलं काहीतरी आहे, घरातलं वातावरण बरोबर नाही, आईवडिलांचं काहीतरी चुकलंय. १९६०च्या दशकात हॅलोपेरिडॉल या गोळीने टिक्स कमी होतात असं दिसलं, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष मनावरून मेंदूवर गेलं. तिकडे ग्रहण नव्हतं एवढाच काय तो फरक.

मग खरं काय? मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो, कुठली हालचाल होऊ द्यायची आणि कुठली दाबायची याची निवड करण्यात त्याचं मोठं काम असतं. तिथून मेंदूच्या पुढच्या भागाशी होणारी देवाणघेवाण आणि त्यातलं डोपामिनचं, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं, काम आमच्यात जरा वेगळं चालतं. ते तसं का चालतं, तर बराचसा वाटा आनुवंशिक. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला टूरेट असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण साधारण निम्मं निघालं, आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्ये त्याहून बरंच कमी. म्हणजे रक्तात आहे, पण सगळंच रक्तात नाही, नाहीतर एकसारख्या जुळ्यांत शंभरपैकी शंभर निघाले असते. एकच एक दोषी जनुक असंही नाही, कित्येक जनुकांचा थोडा थोडा हातभार. गरोदरपणात सिगारेट ओढणं, बाळाचं वजन फार कमी असणं यांचाही संबंध दिसलाय, पण त्याने शक्यता वाढते एवढंच. चिरलेल्या भाजीचा कुठेच पत्ता नाही.

आमच्या घरातलं रक्त शोधायला लांब जायला नको होतं. बाबा झेडपीच्या शाळेत गुरुजी होते, त्यांचं नाक आक्रसणं आणि घसा खाकरणं इतकं ठरलेलं होतं की गुरुजी आले हे वर्गाला व्हरांड्यातूनच कळायचं. पण ती ‘गुरुजींची सवय’ होती, माझे मात्र ‘चाळे’. पुरुषाचं चालून जातं. टूरेट मुलांमध्ये मुलींच्या तिप्पट-चौपट दिसतो, पण मुलीला असेल तर तिचं जास्त दिसतं. डोळे मिटण्याच्या टिकचा सगळ्यात मोठा ताप कुठला असेल तर लोकांना वाटतं ही डोळा मारतेय. आठवी-नववीत एसटीत यावरून माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. एकदा तर मानेचे झटके बघून फिट आली म्हणून एका काकांनी माझ्या नाकाला चप्पल लावली होती, मी पूर्ण शुद्धीत, त्यांना ‘काका, मला काही झालेलं नाही’ असं सांगत असताना!

टेन्शनचं उत्तर मुद्दाम मागे ठेवलं कारण लोक तिथेच अडकतात. टेन्शनने टिक्स होत नाहीत, ज्याला आहेत त्याच्या वाढतात. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण टेन्शनमुळे होतं म्हटलं की पुढचं वाक्य ‘मग घेऊ नकोस ना टेन्शन’ हेच येतं. आणि वाढायला टेन्शनच लागतं असंही नाही, जागरणाने वाढतात, तापात वाढतात, आनंदाने पण वाढतात, आमच्याकडे गणपती बसले की माझी मान आरतीच्या तालाला मागे टाकायची. कोणी टक लावून बघितलं की वाढतात. त्यांच्याबद्दल बोललं तरी वाढतात, हे टाइप करताना मान चालूच आहे. उलट हात आणि डोकं कशात गुंतलं की शांत. डॉक्टरांचं अक्षर लावताना माझी मान हलत नाही, आणि काही डॉक्टरांच्या कृपेने तो आराम मला बराच वेळ मिळतो.

‘थांबवता येत नाही का’ हा जोडप्रश्न. येतं, थोडा वेळ. नव्या कपड्याचं लेबल मानेला टोचत असताना हात न लावता बसून बघा, तसं काहीसं आतून वाटत राहतं, हालचाल झाली की क्षणभर सुटतं, परत सुरू. दाबून धरायचं तर सगळं लक्ष त्यातच जातं. म्हणून होतं काय, मूल शाळेत जीव खाऊन दाबतं आणि घरी आल्यावर तासभर सगळं बाहेर पडतं, मग आई म्हणते बाई तर सांगतात वर्गात काही करत नाही, म्हणजे घरीच नाटकं करतोय. नाटक नाहीये हो. घरी मोकळं वाटतं म्हणून तिथे सुटतं. डॉक्टरांच्या केबिनमध्येसुद्धा नेमकं काहीच करत नाहीत ही पोरं, तेव्हा घरचा छोटासा व्हिडिओ काढून न्या, पण मुलाची लाज निघणार नाही असा, आणि तो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. निदान विचारून आणि बघूनच होतं, साध्या टिक्समध्ये एमआरआय नॉर्मलच येतो.

मोबाईलमुळे होतं का, हे पण रोज. २०२०-२१ मध्ये बऱ्याच देशांत, जास्त करून किशोरवयीन मुलींमध्ये, टिक्ससारखं काहीतरी अचानक आणि जोरात सुरू झालेलं डॉक्टरांना दिसलं, त्यातल्या बऱ्याच जणी टिक्सचे व्हिडिओ बघत होत्या. तो त्रासही खराच, ढोंग नाही, पण प्रकार वेगळा, उपचार वेगळा. पाच-सहा वर्षांचं पोरगं हळूहळू डोळे मिचकावायला लागतं त्याचा दोष मोबाईलला देऊ नका, मोबाईल काढून घ्यायला इतर कारणं भरपूर आहेत. आणि घशाच्या इन्फेक्शनने होतं असं वाचून अँटिबायोटिक मागायला येऊ नका. काही मुलांत स्ट्रेप जंतूंनंतर अचानक असा त्रास होतो असं १९९८ मध्ये मांडलं गेलं, त्यावर अजून वाद चालू आहे, आणि चिठ्ठीशिवाय मी तशीही देणार नाही.

उपाय म्हणाल तर प्रत्येकाला औषध लागत नाही. लागलंच तर क्लोनिडीन, अॅरिपिप्राझोल वगैरे, तेही न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील, शेजारणीच्या मुलाची चिठ्ठी चालत नाही. मला उपयोग झाला तो सीबीआयटी नावाच्या, टिक्स आवरायला शिकवणाऱ्या ट्रेनिंगचा. झटका येणार हे आतून कळतं त्या क्षणी हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, घशासाठी नाकाने सावकाश श्वास. २०१० मध्ये अमेरिकेत १२६ मुलांवर याचा अभ्यास झाला, दहा आठवड्यांनी हे शिकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना चांगला फरक पडला, नुसता धीर आणि माहिती मिळालेल्यांत पाचातल्या एकापेक्षाही कमी. टिक्स पूर्ण गेल्या असं नाही. हे शिकवणारी माणसं आपल्याकडे अजून कमी आहेत, मी ऑनलाइन शिकले.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय, मुलाला दर दोन मिनिटांनी ‘परत केलंस’ म्हणू नका. टिक्स साधारण दहा-बारा वयात सगळ्यात जोरात असतात, मग पुष्कळांच्या कमी होतात, काहींच्या जवळजवळ जातात. मी कमी झालेल्यांत आहे, हे तुम्हाला दिसतंय ते कमी झालेलं आहे.

शेवटचा प्रश्न लोक जरा अडखळत विचारतात, मुलाला आहे का. माझा मुलगा मोठ्या गटात असताना काही महिने डोळे मिचकवत होता. सासूबाई लगेच, ‘तुझ्यावर गेला’. गेला असेलही, बाबांवर पण गेला असेल. आम्ही बाईंना जाऊन सांगितलं की त्याला टोकू नका, जागा बदलू नका, घरात कोणी विषय काढला नाही, आणि ते आपोआप थांबलं, लहान मुलांचं बऱ्याचदा थांबतं. परत सुरू झालं तर काय हे त्याने मला मध्ये विचारलं, मी म्हटलं परत बाईंना सांगू. ‘मीच सांगतो’ म्हणाला, ‘तू सांगताना तुझं वाढतं.’