आईबाबांनी कोणता सिनेमा बघावा?

मी गे आहे हे माहीत असलेले, गे मुलांचे आईवडील मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "मुलानं आम्हाला सगळं सांगितलंय. आम्हाला त्यातलं काही कळत नाही हो. घरी बसून बघता येईल असा एखादा सिनेमा सांगाल का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: 'द वे ही लुक्स'. दानिएल रिबेइरो यांचा २०१४ मधला ब्राझिलियन सिनेमा. बर्लिनच्या महोत्सवात त्याला टेडी पुरस्कार (समलैंगिक विषयांवरच्या सिनेमांना तिथे दिला जाणारा) मिळाला आणि ब्राझीलनं तो ऑस्करसाठीही पाठवला होता. मी तो सुचवतो त्याचं कारण मात्र वेगळं आहे. सिनेमाचं विचारून झालं की आईवडिलांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "पण हा कुणाचं बघून असा झाला?" मोबाइलवर काही बघितलं असेल, संगत वाईट असेल, हॉस्टेलला ठेवायला नको होतं, असं बरंच काही त्यांच्या मनात साचलेलं असतं.

साओ पाउलोतला शाळकरी लिओनार्दो अंध आहे. त्यानं कुणाचंच काही बघितलेलं नाही. वर्गात गॅब्रिएल नावाचा नवा मुलगा येतो आणि लिओनार्दोचा जीव त्याच्यावर जडतो. गॅब्रिएल त्याला थिएटरात नेतो आणि पडद्यावर काय चाललंय ते कानाशी कुजबुजत सांगत राहतो. ग्रहण म्हणजे काय हे दगड मांडून समजावतो. एकदा तो स्वतःचा स्वेटशर्ट लिओनार्दोच्या खोलीत विसरतो. रात्री लिओनार्दो तो हुंगतो, अंगात घालतो आणि तसाच अंथरुणात शिरतो. या प्रसंगाला तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. होऊ दे, पण तो पुढे पळवू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

लिओनार्दोच्या आईवडिलांकडेही नीट बघा. पोरगा वेळेत घरी आला का, एकटा कसा राहील, या काळजीनं आईचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्याला परदेशी शिकायला जायचंय म्हटल्यावर घरात वादावादी होते. पण बाबा त्याची दाढी करून देताना त्याच्याशी जे बोलतात, तसं आपल्याकडचे किती बाप वयात आलेल्या मुलाशी बोलतात? मला तो अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मायेचा प्रसंग वाटतो.

आणि हो, आईबाबांना समोर बसवून सगळं सांगितलं, मग रडारड झाली, असा प्रसंग यात नाहीच. लिओनार्दो सांगतो ते लहानपणापासूनच्या मैत्रिणीला, जोव्हानाला. तीही आधी गडबडते, मग त्याच्या बाजूनं उभी राहते. खऱ्या आयुष्यातही आम्ही बहुतेक जण आधी मित्रमैत्रिणींनाच सांगतो. तुमच्या मुलानं तुम्हाला उशिरा सांगितलं असेल, तर ते मनाला लावून घेऊ नका.

शेवटी शाळेतली टारगट पोरं चिडवत असताना गॅब्रिएलच्या दंडावरचा लिओनार्दोचा हात खाली सरकतो आणि त्याचा हात धरतो. मी एरवी सिनेमाला रडणारा नाही, पण इथे रडलो.

दीड तासाचा सिनेमा आहे. मुलाला सोबत बसवायचं असेल, तर आधी त्याला विचारा. नको म्हणाला तर तुम्ही दोघंच बघा, आणि बघितला एवढं त्याला सांगा.