तुम्ही विचारलंत म्हणून: सीएनसीच्या काळात कानस कशाला?

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं रबाळे, आयटीआयचा विषय निघाला की पालक हमखास विचारतात: कारखान्यात मशिनं सीएनसीची, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी आली, मग फिटरच्या मुलांना सुरुवातीला लोखंडच का घासायला लावता? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र पार मॉस्कोपर्यंत मागे जावं लागतं.

तिथल्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलचे संचालक होते व्हिक्टर डेला-वॉस. तोवर हातकाम शिकायचं म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून, येईल ते काम बघत बघत उचलायचं. माल वेळेत द्यायचा असल्यामुळे अवघड काम उस्तादच करणार आणि पोरगा झाडू मारणार. डेला-वॉस यांनी १८६८च्या सुमारास शिकण्याचं वर्कशॉप आणि बाहेरच्या ऑर्डरी पुऱ्या करणारं वर्कशॉप वेगळं केलं. प्रत्येक कामाच्या मूळ क्रिया सुट्या काढल्या, सोप्याकडून अवघडाकडे जाणारे नमुने ठरवले आणि आधीचा नमुना जमल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, असा नियम घातला. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे नमुने पाहून अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी आपल्या संस्थेत तशीच वर्कशॉपं सुरू केली.

आपल्याकडे पुण्यात १८५४ सालीच सरकारी बांधकामांसाठी इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला होता. मुंबईत १८८७ साली भायखळ्याला, गिरण्यांच्या शेजारात, व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५०ची आणि ठाण्याला कारखान्यांचं गाव करणारी एमआयडीसी १९६२ची. फिटर ट्रेडचा क्रम पाहिला की मॉस्कोची ती मांडणी मला आजही त्यात स्पष्ट दिसते.

आता फिटरच्या मुलांना घासायला देतात तो लोखंडी चौकोन. ५० मिमी रुंद, १० मिमी जाड माइल्ड स्टीलची पट्टी घेऊन हॅकसॉने ५१ मिमीचा तुकडा कापतात आणि त्यातून ४८ मिमीचा चौरस काढायचा असतो. आधी एकच बाजू बारा इंची बास्टर्ड (जाड दात्यांच्या) कानशीने सपाट करायची. तिच्यावर गुण्याचं (काटकोन तपासायच्या हत्याराचं) पातं उभं धरून उजेडाकडे बघायचं. कुठेही फट दिसता कामा नये. मग तिला धरून दुसरी बाजू काटकोनात आणायची. या दोन बाजू पक्क्या झाल्यावरच, त्यांच्यापासून ४८ मिमीवर रेघा मारायच्या आणि त्या रेघांवर डॉट पंचने बारीक ठिपके ठोकायचे. शेवटचे दोन-तीन दशांश मिलिमीटर स्मूथ (बारीक दात्यांच्या) कानशीसाठी राखून ठेवायचे.

जवळजवळ प्रत्येकाची पहिली बाजू मध्ये फुगीर येते. कानस पुढे सरकते तसा डाव्या हाताचा जोर कमी आणि उजव्याचा जास्त व्हायला हवा. दोन्ही हात सारखेच दाबत राहिले तर कानस डोलते आणि दोन्ही कडा जास्त खाते. शेगड्याचे (तुकडा आवळून धरणाऱ्या व्हाइसचे) जबडे कोपराच्या उंचीला नसतील तरीही तेच होतं. कानशीचे दाते पुढच्या दिशेने कापतात. परत येताना दाब दिला तर ते बोथट होतात. दात्यांत अडकलेला कीस काढला नाही तर गुळगुळीत होत आलेल्या पृष्ठभागावर खोल चरे पडतात. म्हणून अधूनमधून तारेचा ब्रश मारायचा आणि शेवटच्या हाताआधी कानशीला खडू घासायचा. घासलेल्या जागेवर बोटही फिरवायचं नाही, घामाने ती निसरडी होऊन कानस घसरते. आणि मूठ नसलेली कानस हातात घ्यायचीच नाही, मागचं टोक तळहातात घुसतं.

यातली सर्वात महागात पडणारी चूक हाताची नसते. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी बाजू तपासत गेलं तर प्रत्येकीतली थोडी थोडी चूक पुढच्या बाजूत साठत जाते आणि शेवटचा कोपरा जुळत नाही. मापं त्या पहिल्या दोन बाजूंपासूनच घ्यायची असतात. त्यांनाच आम्ही डेटम म्हणतो.

सीएनसीवर हेच लागतं. मशीनला शून्य, म्हणजे मापं जिथून मोजायची ती जागा, कुठे आहे ते माणूस सांगतो. तुकड्याखाली बर (कापल्यावर कडेला राहणारा धातूचा बारीक काटा) राहिली आणि तो व्हाइसमध्ये तिरका बसला, तर प्रोग्रॅम अचूक असूनही जॉब रिजेक्ट होतो. ज्याने गुण्याखालची फट डोळ्यांनी पाहिली आहे, तो कारण आधी तुकड्याखाली शोधतो, प्रोग्रॅममध्ये नाही.

म्हणून घासण्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो अर्धवट घासून घेण्यावर. मॉस्कोच्या त्या वर्कशॉपमध्ये जितके विद्यार्थी तितक्या जागा आणि तितकेच हत्यारांचे संच असत. ॲडमिशनआधी वर्कशॉप बघायला जाल तेव्हा शेगडे मोजा, कानशींचे दाते झिजलेत का ते पाहा आणि चौकोन मापात बसला नाही तर मुलाला तो पुन्हा करायला लावतात का, हे तिथल्या सरांना विचारा.