तीन नंबरचा कॉम्प्युटर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पॅन कार्ड, नोकरभरती, काय म्हणाल ते. अलीकडं अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-160 पण भरून देतो. त्यात सोशल मीडियाचं एक पान असतं. मागच्या पाच वर्षांत वापरलेलं प्रत्येक खातं लिहायचं. गिऱ्हाईक विचारतं, 'इन्स्टा पण?' मी म्हणतो, 'ते पण.' की पुढचं पान.

2025 च्या जूनमध्ये त्या खुर्चीत माझी भाची बसली. एमएसला ॲडमिशन झालेली. त्याच महिन्यात अमेरिकी वकिलातीनं सांगितलं, विद्यार्थ्यांनी सगळी खाती 'पब्लिक' करून ठेवायची. रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढून आम्ही तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर तिच्या पोस्टी बघत बसलो. गॅदरिंग, रंकाळा, पांढरा रस्सा, शेजारचं मांजर. मग ती थांबली.

बिंदू चौक. मागं महात्मा फुले आणि बाबासाहेब, पुढं ही, हातात साडीच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर मार्करनं 'गाझातल्या पोरांवर बॉम्ब टाकू नका.' जागा संपल्यामुळं 'नका' कोपऱ्यात चेंगरलेलं.

'मराठीत हाय की,' ताई म्हणाली. 'त्यास्नी काय कळतंय?'

'आई, खाली ट्रान्सलेटचं बटण असतंय.'

मार्चपासून घरात हाच विषय होता. कोलंबिया विद्यापीठातला महमूद खलील, पॅलेस्टाईनच्या बाजूनं आंदोलन करणारा, ग्रीन कार्ड असलेला, 8 मार्चला न्यूयॉर्कमध्ये राहत्या इमारतीतून उचलला. कुठलाही गुन्हा दाखल नाही. 1952 च्या इमिग्रेशन कायद्यातलं एक कलम काढलं, की ह्या माणसाचं इथं असणं परराष्ट्र धोरणाला बाधक आहे. 104 दिवस कोठडीत, बहुतेक लुइझियानात, मधल्या काळात पोरगा जन्मला तरी सोडलं नाही. रुमेसा ओझतुर्क, तुर्कस्तानची पीएचडीची मुलगी. तिनं तर तिघांबरोबर विद्यापीठाच्या पेपरात गाझाबद्दल लेख लिहिला होता, एवढंच. इफ्तारला निघाली असताना तोंड झाकलेल्या माणसांनी रस्त्यावर धरली. तो व्हिडिओ ताईनं बघितला आणि त्या दिवसापासून तिला झोप नाही. पोरीनं बॅकपॅक घेतलेली, फोन हातात, 'आपल्या पोरीसारखीच दिसतीया' म्हणाली.

तो बिंदू चौकातला पुतळा 1950 चा, बाबासाहेब हयात असतानाचा. आणि 1913 साली ते शिकायला गेले ते ह्याच कोलंबियात. फोटो बघताना हे डोक्यात आलं होतं. बोललो नाही. बोललो ते वेगळंच.

'काढून टाक,' म्हणालो. 'लाखांचं लोन हाय डोक्यावर.'

तिनं मान वर करून बघितलं. 2015 च्या फेब्रुवारीत कॉम्रेड पानसरेंना सकाळी फिरून येताना गोळ्या घातल्या, तेव्हा ती सहावीत होती. त्यानंतर निर्भय मॉर्निंग वॉक निघायचे. पहाटे उठवून, स्वेटर घालून तिला मीच घेऊन गेलो होतो. घोषणा द्यायला लाजत होती, तर 'मोठ्यानं म्हण' असं कोण म्हणालं होतं? मीच.

'बरं, काढून टाकतो,' ती म्हणाली. (आमच्याकडं पोरीपण 'करतो, जातो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) क्लिक. मांजर ठेवलं.

व्हिसा झाला. ऑगस्टमध्ये गेली.

30 सप्टेंबरला बॉस्टनच्या न्यायाधीश विल्यम यंग यांचा निकाल आला, ह्याच धरपकडीविरुद्ध प्राध्यापकांच्या संघटनेनं केलेल्या खटल्यात. अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्या परक्या माणसाला बोलायचा हक्क तिथल्या नागरिकाइतकाच आहे, असं स्वच्छ लिहिलंय. 161 पानं. मी पाठपोट काढली, 81 कागद, गिऱ्हाइकाचे असते तर दर लावला असता. इंग्रजी जड, पण पहिल्याच पानावर अडकलो. न्यायाधीशांना कुणीतरी निनावी पोस्टकार्ड पाठवलेलं, हातानं लिहिलेलं: ट्रम्पकडं माफीचे अधिकार आहेत, रणगाडे आहेत, तुमच्याकडं काय आहे? म्हाताऱ्यानं ते कार्ड निकालातच छापलं. उत्तर दिलं, आणि शेवटी वर त्यालाच कोर्ट बघायला या म्हणून आमंत्रण! कोल्हापूरचाच गडी वाटला.

त्या पानाचा फोटो काढून भाचीला पाठवला. दोन तासांनी तिचं उत्तर आलं.

'वाचलं मामा. भारी आहे. चॅट डिलीट करतो, तुम्ही पण करा.'