डिव्हाइस फाइल्सची एकच सामाईक लायब्ररी लावताना

बाउंडरी स्कॅन म्हणजे चिपच्या पिना आतूनच चालवून आणि वाचून बोर्डावरच्या जोडण्या तपासायची पद्धत. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डिव्हाइस फाइल्सची वेगळी कॉपी असायची. एकाच मायक्रोकंट्रोलरच्या बीएसडीएल फाइल्स (चिपमधल्या बाउंडरी स्कॅनचं वर्णन देणाऱ्या) निरनिराळ्या नावांनी सापडत. त्यातली कोणती प्रत्यक्ष बोर्डावर चालवून पाहिली आहे, हे फाइल उघडूनही कळत नसे. सगळ्यांसाठी एकच लायब्ररी लावायचं काम मी मागून घेतलं.

पहिला प्रश्न नावांचा. फाइलला चिपच्या कुटुंबाचं नाव देऊन भागत नाही. आतलं सिलिकॉन तेच असलं, तरी पॅकेज (बाहेरचं आवरण) बदललं की पिना बदलतात. काही उत्पादक एकाच फाइलमध्ये अनेक पॅकेजचे पिन मॅप देतात, काही प्रत्येक पॅकेजची वेगळी फाइल देतात. म्हणून ऑर्डर करताना लिहितो तो पूर्ण पार्ट नंबर, पॅकेज आणि सिलिकॉन रिव्हिजन, या तिन्हींवरून नोंद ओळखायची असं ठरवलं. उत्पादकाच्या मूळ फाइलला हात लावायचा नाही. नेटलिस्टमध्ये (बोर्डावरच्या जोडण्यांच्या यादीत) पिन ए०१ आणि फाइलमध्ये ए१ असेल, तर तो मेळ वेगळ्या मॅपिंग फाइलमध्ये घालायचा. मूळ फाइलच बदलली, तर उत्पादकाची सुधारित आवृत्ती आल्यावर आपण काय बदललं होतं ते शोधत बसावं लागतं.

मग तपासणी. फाइल कंपाइल झाली म्हणजे ती त्या चिपची आहे असं होत नाही. स्कॅन चेनमधल्या (एकामागोमाग जोडलेल्या चिप्सच्या साखळीतल्या) एकाच चिपची इन्स्ट्रक्शन रजिस्टरची (चिपला आदेश देतात त्या बिटांची) लांबी चुकीची असेल, तर सगळ्या चेनचे बिट सरकतात आणि दोष भलत्याच चिपवर दिसतो. आयईईई ११४९.१ या बाउंडरी स्कॅनच्या मानकाप्रमाणे इन्स्ट्रक्शन रजिस्टर कॅप्चर केल्यावर शेवटचे दोन बिट ०१ यायलाच हवेत. ते आले, लांबी जुळली आणि चिपमधून वाचलेला आयडीकोड (चिपचा ओळख क्रमांक) फाइलमधल्याशी जुळला, तरच नोंदीवर ‘बोर्डावर तपासलेली’ असा शिक्का. पिन मॅपची खात्री मात्र एवढ्याने होत नाही, त्यासाठी इंटरकनेक्ट टेस्ट (चिप्समधल्या जोडण्यांची तपासणी) चालवावी लागते.

आयडीकोड ३२ बिटांचा असतो. वरचे ४ आवृत्तीचे, पुढचे १६ पार्टचे, ११ उत्पादकाचे आणि शेवटचा कायम १. चिपची नवी रिव्हिजन आली की बहुधा वरचे ४ बिटच बदलतात. काही फाइल्समध्ये त्या जागी एक्स (कोणताही बिट चालेल) असतात, तिथे अडचण येत नाही. जिथे आकडे पक्के लिहिलेले असतात तिथे टेस्ट पहिल्याच पायरीवर थांबते. अशा वेळी एक्स टाकून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मी उत्पादकाकडून नवी फाइल मागवते आणि जुनीच्या शेजारी ठेवते. दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांवर जुनी चिपच असते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जेटॅग (म्हणजे बाउंडरी स्कॅनची सोय) नसलेल्या भागांवर. रेझिस्टर, बफर, मेमरी यांना बीएसडीएल नसते, त्यांची मॉडेल्स आपणच लिहायची. सीरिज रेझिस्टर साधा. दोन नेट (बोर्डावरच्या जोडण्या) जोडतो, एवढं सांगितलं की पुरे. बफरचं तसं नाही. दिशा आणि एनेबलची (आउटपुट चालू करणाऱ्या पिनची) पातळी मॉडेलमध्ये उलटी लिहिली, तर टेस्ट चालू असताना एकाच नेटवर दोन आउटपुट भिडतात आणि चिप खरोखर जळू शकते. त्यामुळे बफरचं मॉडेल एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने डेटाशीट समोर ठेवून वाचायचं, हा नियम मी सोडत नाही.

काही चिप्सना बाउंडरी स्कॅन चालण्यासाठी ठरावीक पिन ठरावीक पातळीवर धरावी लागते. ती अट फाइलमधल्या कम्प्लायन्स पॅटर्नमध्ये असते, पण घाईत कुणी तिथवर वाचत नाही. मी ती नोंदीच्या वरच लिहायला लागले. आता डिझाइन करणारेही बोर्ड काढण्याआधी लायब्ररी उघडून ती पिन कुठे जाते ते बघतात, याचं मला फार समाधान आहे.

सगळं व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवलं आहे. प्रोजेक्ट लायब्ररीच्या ठरावीक आवृत्तीकडे बोट दाखवतो, कॉपी घेत नाही. चालू उत्पादनातल्या टेस्टची आवृत्ती आपोआप पुढे सरकत नाही. आधी चांगला म्हणून ठरलेल्या बोर्डावर टेस्ट पुन्हा चालवायची, मगच बदलायची. मेमरीची मॉडेल्स अजून पूर्ण व्हायची आहेत, सध्या त्यांच्यावर काम चालू आहे.