काटा मधोमध, लाल दिवा चालू!

आज घरात सत्तरच्या दशकातला पायोनिअर कंपनीचा एफएम ट्यूनर, म्हणजे एफएम स्टेशनं पकडणारा रेडिओ, आला. मंगळवार पेठेतल्या एका काकांनी इतकी वर्षं जिवापाड जपलेला. "पोरा, नीट वापर," एवढंच म्हणाले.

घेण्याआधी पहिल्यांदा डायल बघितली. ८८ ते १०८, म्हणजे काम झालं. जुने ट्यूनर घेणाऱ्यांनी हे बघायलाच पाहिजे, कारण जपानमधल्या विक्रीसाठी बनलेले सेट ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच जातात आणि १०० व्होल्टवर चालतात. आपली कोल्हापूरची आकाशवाणी १०२.७ वर, टोमॅटो एफएम ९४.३ वर. त्यांच्यात काय लागणार?

झाकण काढून कितीतरी वेळ नुसता गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन बदलणारा पात्यांचा भाग, बघत बसलो. नॉब फिरवला की पाती एकमेकांत अलगद शिरतात, कुठं घासत नाहीत. नॉबमागं जड फ्लायव्हील आहे, एक टिचकी मारली की काटा डायलभर धावतो. असलं काम आता कोण करतंय!

मग रिबन वायरची दीड मीटरची टी अँटेना गच्चीच्या दाराला आडवी बांधली. ९४.३ जवळ येताच सिग्नलचा मीटर चढला, स्टेशन नेमकं लागलंय का हे दाखवणाऱ्या दुसऱ्या मीटरचा काटा बरोब्बर मध्ये आला आणि स्टिरिओचा लाल दिवा लागला. स्टेशन आवाजाबरोबर स्टिरिओची खूण म्हणून १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर पाठवतं, त्याची ही पावती. निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मोबाईलवर कधी आलाय असा आवाज?

रविवारी सकाळी घरीच आहे. ज्यांना ऐकायचाय त्यांनी या, चहा ठेवतो.