हार्टफर्डमधलं स्टोबाईंचं घर बघताना

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात, फॉरेस्ट स्ट्रीटवर हॅरिएट बीचर स्टो यांचं घर आहे. तिथे जाणारे बरेच जण पहिली चूक एकच करतात. बाईंनी ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरुद्धची गाजलेली कादंबरी कुठल्या टेबलावर लिहिली, ते शोधत बसतात. ती कादंबरी या घरात लिहिलेलीच नाही. ती लिहिली मेन राज्यातल्या ब्रन्सविकमध्ये, नवरा तिथल्या कॉलेजात प्राध्यापक होता तेव्हा. हार्टफर्डचं हे विटांचं घर १८७१ सालचं. बाईंनी ते १८७३ मध्ये विकत घेतलं आणि १८९६ मध्ये त्या गेल्या त्या याच घरात. त्यामुळे कादंबरी कशी सुचली हे इथे शोधू नये. ती बाहेर पडल्यावर तिनं काय काय घडवलं, आणि तिचं लोकांनी काय केलं, ते इथे समजून घ्यावं.

त्यासाठी थोडी तयारी करून जावं लागतं. १८५० मध्ये अमेरिकेत कायदा आला: पळून आलेला गुलाम उत्तरेतल्या राज्यात सापडला तरी त्याला पकडून मालकाच्या हवाली करायचं. आसरा देणाऱ्याला सहा महिने तुरुंग आणि हजार डॉलर दंड. त्या संतापातून बाईंनी लिहायला घेतलं. ५ जून १८५१ पासून वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल इरा’ साप्ताहिकात कादंबरी क्रमशः येऊ लागली. तीन-चार अंकांत संपेल असा अंदाज होता, ती १ एप्रिल १८५२ पर्यंत चालली. मानधन मिळालं ३०० डॉलर. पुस्तक मार्च १८५२ मध्ये निघालं आणि पहिल्याच वर्षात अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. हे सगळं खोटं आहे, अशी गुलामगिरी चालू असलेल्या दक्षिणेतल्या राज्यांतून ओरड झाली. बाई गप्प बसल्या नाहीत. १८५३ मध्ये त्यांनी नुसत्या पुराव्यांचं वेगळं पुस्तक काढलं: कोर्टाचे निकाल, कायद्यांची कलमं, गुलामांना पकडून देण्यासाठी छापलेल्या जाहिराती.

वेळ कमी असेल तर कादंबरीची तीनच प्रकरणं वाचून जा. पहिलं, त्यात दोन गृहस्थ दिवाणखान्यात बसून माणसाचा सौदा करतात. नववं, त्यात पळून आलेल्या गुलामांना मदत करू नये अशा कायद्याला मत देऊन घरी आलेल्या ओहायो राज्यातल्या सिनेटरच्याच घरी पोराला घेऊन पळून आलेली बाई येऊन पोचते. आणि त्रेचाळिसावं. त्यात गुलामगिरीतून पळून सुटलेला जॉर्ज हॅरिस कुटुंबासह आफ्रिकेत लायबेरियाला जायचं ठरवतो. मुक्त झालेल्या माणसाला लेखिकेनं त्याच्याच देशात जागा का दिली नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तो मनात घेऊनच घरात शिरावं.

कारण २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन घर पुन्हा उघडलं ते नव्या पद्धतीनं. गाईड इथे खुर्च्या-पडद्यांची जंत्री म्हणत नाही, प्रश्न विचारतो आणि बोलतं करतो. सगळे मुके राहिले की फेरी पडते. बहुतेकदा गाडी अडते ती ‘अंकल टॉम’ या शिवीवर, म्हणजे गोऱ्यांपुढे लाचार वागणारा काळा माणूस. पुस्तकातला गुलाम टॉम पळालेल्या दोन बायकांचा ठावठिकाणा सांगायला नकार देतो आणि त्यापायी मार खाऊन मरतो. लाचार म्हातारा केला तो नाटकवाल्यांनी. तेव्हाच्या कायद्यात कादंबरीच्या नाट्यरूपावर लेखकाचा हक्कच नव्हता, त्यामुळे बाईंना ते रोखता आलं नाही.

संग्रहात २६ जाडजूड खंड आहेत, चामडी बांधणीचे. गुलामगिरी संपवा, असं ब्रिटनमधल्या बायकांनी अमेरिकन बायकांना केलेलं ते आवाहन. खाली साडेपाच लाखांवर सह्या, म्हणजे एकेका खंडात सरासरी वीस हजारांच्या वर नावं. १८५३ मध्ये ते बाईंना दिलं गेलं. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात ब्रिटनची सहानुभूती दक्षिणेकडे झुकतेय असं दिसताच बाईंनी जानेवारी १८६३ च्या ‘अटलांटिक मंथली’त उत्तर छापलं: तेव्हा सह्या केल्यात, आता कुठे आहात? माझ्या मते या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. समोर मांडलेले दिसले नाहीत तर खंडांबद्दल जरूर विचारा.

मराठी वाचकाला इथे एक सन थांबवतो. बाईंनी घर घेतलं त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ छापली गेली, आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा, असं जोतीरावांनी तिथेच लिहिलंय.

घर टिकलं ते बाईंच्या सावत्र बहिणीच्या नातीमुळे. कॅथरिन सीमोर डे यांनी १९२४ मध्ये ते परत विकत घेतलं, १९४१ मध्ये संस्था स्थापली. लोकांसाठी ते खुलं झालं १९६८ मध्ये. २०११ पासून ही संस्था सामाजिक न्यायावरच्या लेखनाला स्टो पुरस्कार देते.

स्वयंपाकघरात जरा रेंगाळा. बाई आणि त्यांची बहीण कॅथरिन बीचर यांनी १८६९ मध्ये घरकामावर पुस्तक लिहिलं. जहाजावरच्या स्वयंपाक्याला जसं सगळं हाताशी असतं तसं घरातल्या बाईला असावं, हा त्यातला आग्रह. उघडी फळ्यांची मांडणी, हात पोचेल तिथे सामान. पावलं वाचली तर बाईला वाचायला वेळ उरेल, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

शेजारीच मार्क ट्वेन यांचं घर आहे, तिकीट वेगळं. दोन्ही एका दिवसात होतात, पण स्टोबाईंचं आधी करा. ट्वेनचं घर डोळे दिपवतं, आणि मग इथल्या बोलण्यात लक्ष लागत नाही.